कट्ट्यावरची औटकी

दर गुरुवारी मी ज्येष्ठांच्या कट्ट्यावर तोंडी गणिते सोडवायला बसतो. परवा प्रश्न होता : १६ रुपये किलोचे साडेतीन किलो कांदे कितीचे? एका आजींनी औटकी म्हणत क्षणात ५६ सांगितले. नेहमी प्रथम उत्तर देणारे निवृत्त गुरुजी मात्र सलग तिसऱ्या आठवड्यात गप्प होते. चौघांत बसत नसते, तर हे कोणाच्या ध्यानात आले असते? त्यांच्या तपासण्या आता सुरू आहेत.

अशा गणितांनी स्मृतिभ्रंश टळतोच, असे नाही. परंतु सवयीचा हिशेब वारंवार अडू लागल्यास ‘वय झाले’ म्हणून सोडू नये. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा विकार, नैराश्य वा एखादे औषध, अशी उपाय असलेली कारणेही संभवतात. गोंधळ एकाएकी उद्भवल्यास मात्र तत्काळ रुग्णालय गाठावे.

घरी हिशेब अडला, तर उत्तर घाईने सांगू नका, थोडे थांबा. कट्ट्यावर गुरुजींची जागा आम्ही राखून ठेवली आहे.