डोंगरावरचा विवाह

थाटमाट टाळून, मोजक्या माणसांत, डोंगरमाथ्यावर विवाह करण्याची इच्छा आता आपल्या घरांतील मुलेमुलीही बोलून दाखवतात. अपरिग्रहाशी जुळणारा हा विचार नियोजनाने मात्र सांभाळावा लागतो.

माथेरानचेच उदाहरण घ्यावे. मोटारी दस्तुरी नाक्यापाशी थांबतात. पुढे पायी, घोड्यावर वा १९०७ साली सुरू झालेल्या छोट्या गाडीने जाता येते, स्वतःची मोटार नेता येत नाही. तेव्हा वृद्धांची सोय आधी पाहावी. चातुर्मास टाळावा, ओल्या हिरवळीवर पावलोपावली जीव असतात. मुहूर्त सकाळचा धरावा, म्हणजे भोजन सूर्यास्तापूर्वी आटोपते.

जैनांनाही हिंदू विवाह कायदा, १९५५ लागू आहे. त्याप्रमाणे रूढ विधी यथासांग व्हावा आणि नंतर तीन साक्षीदारांसह नोंदणी करावी.

वधू अठरा व वर एकवीस वर्षांचा असला की निर्णय त्यांचा. तरीही ही वार्ता वडिलांनी पेढीवर परक्याच्या तोंडून ऐकावी, याहून मोठे दुःख नाही. ते कदाचित रागावतील, येणारही नाहीत. पण त्यांना आधी सांगावे. यादी कितीही लहान असो, आईवडिलांची नावे तिच्यात पहिली असावीत.