मेंदूला चांगलं असतं म्हणे!

"संगीत मेंदूला चांगलं असतं" हे वाक्य या महिन्यात मी तीनदा ऐकलं. एकदा नाशिकच्या ताईने पाठवलेल्या फॉरवर्डमध्ये. त्यात कुठल्या रागाने कुठला आजार बरा होतो याचा अख्खा तक्ता होता, डायबेटिसपासून मूळव्याधीपर्यंत. एकदा भाचीच्या तोंडून, कानात इअरबड्स आणि पुढ्यात दहावीचं पुस्तक. आणि तिसऱ्यांदा रात्री सव्वाबाराला, वरच्या आळीतल्या हळदीच्या मांडवात, आवाज कमी करा सांगायला गेलो तेव्हा. "अहो काका, म्युझिकने माइंड फ्रेश होतो!"

तर मंडळी, आज जरा भांडायचंच आहे. (ताई, रागावू नकोस, पण सुरुवात तुझ्यापासूनच.)

मुळात हे खूळ आलं कुठून? १९९३ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी 'नेचर' साप्ताहिकात एक पानभर लेख छापला. कॉलेजातल्या ३६ मुलांना दहा मिनिटं मोझार्टचा दोन पियानोंचा सोनाटा ऐकवला, मग कागदाच्या घड्या मनातल्या मनात उलगडण्यासारखी कोडी घातली. मोझार्ट ऐकल्यावर त्यांना ती जरा बरी सुटली. परिणाम टिकला दहा-पंधरा मिनिटं. बस्स, एवढंच! त्यात बाळं नव्हती, गर्भवती बाया नव्हत्या, कायमची हुशारी तर नव्हतीच. पण १९९८ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीत वाटायचं म्हणून एक लाख पाच हजार डॉलर मागितले. आपल्याकडे मग कॅसेटी आल्या, सीड्या आल्या, आता यूट्यूबवर आठ-आठ तासांचे व्हिडिओ आहेत.

पुढे काय झालं ते मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही. २०१० साली व्हिएन्नाच्या संशोधकांनी तोवरचे चाळीसेक प्रयोग आणि तीन हजारांच्या आसपास माणसं एकत्र मोजली, आणि मोझार्टची म्हणून काही खास जादू उरली नाही. त्याआधीच टोरांटोच्या लोकांनी मजा केली होती. मोझार्टऐवजी स्टीफन किंगची गोष्ट ऐकवली, तर ज्यांना गोष्ट जास्त आवडली त्यांना गोष्टीनंतर कोडी बरी सुटली! म्हणजे मन उल्हसित झालं की माणूस थोडा वेळ तरतरीत असतो, इतकाच त्याचा अर्थ. तेवढं काम कटिंग चहाही करतो. आणि तो राग-आजारांचा तक्ता? शांत संगीताने जीव निवतो, रक्तदाब थोडा उतरू शकतो, इथपर्यंत ठीक. पण अमुक रागाने तमुक आजार जातो याला काडीचा पुरावा नाही. ताई, जिजाजींची गोळी बंद करू नकोस म्हणजे झालं.

आता भाची. तिचं म्हणणं, "मामा, गाणी लावली की माझा अभ्यास छान होतो." छान वाटतो, हे मला मान्य आहे. पण डोक्यात वाचायचे शब्द आणि गाण्याचे शब्द एकाच दारातून आत शिरतात. २०११ साली वेल्समध्ये यावर एक प्रयोग झाला. क्रमाने दाखवलेल्या गोष्टी लक्षात ठेवायच्या, एकदा आवडीच्या गाण्यांसोबत, एकदा नावडत्या, एकदा शांततेत. आवडतं आणि नावडतं, दोन्हींनी सारखाच घोटाळा केला, शांतता बरी ठरली. म्हणून भाचीबाई, वही पूर्ण करताना, चित्र रंगवताना, भांडी घासताना (!) खुशाल गाणी लाव. प्रमेय पाठ करताना नको.

इतकं वाचून कोणाला वाटेल, हा माणूस गाण्याच्या जिवावर उठलाय. उलट आहे हो.

आमच्या आईला दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. पाणी हवं असलं तरी शब्द सापडायचा नाही, डोळ्यांत नुसतं पाणी यायचं. आणि एका दुपारी सौ. तांदूळ निवडता निवडता जात्यावरची ओवी गुणगुणत होती, तर आईने पुढची ओळ म्हटली. शब्दांसकट! जिला "पाणी" म्हणता येत नव्हतं ती आख्खी ओळ म्हणाली. डॉक्टरांना सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. बोलण्याची जागा बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असते, गाण्याचा पसारा मात्र दोन्हीकडे असतो. या वाटेने बोलणं परत आणायची पद्धत बॉस्टनच्या लोकांनी १९७३ सालीच मांडली होती. छोटं वाक्य सुरात म्हणायचं, डाव्या हाताने ताल धरायचा आणि हळूहळू सूर काढून घ्यायचा. आम्ही "चहा दे" सुरात शिकवलं. चार महिने लागले. आता ती सुराशिवाय म्हणते, आणि दिवसातून सहा वेळा म्हणते :)

फिनलंडमध्ये २००८ साली अशाच रुग्णांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. झटक्यानंतर दोन महिने काहींना रोज त्यांच्या आवडीची गाणी ऐकवली, काहींना पुस्तकं वाचून ऐकवलेल्या टेपा, काहींना काहीच नाही. गाणीवाल्यांची शब्दांची स्मरणशक्ती आणि लक्ष जास्त सुधारलं. आता यातला 'त्यांच्या आवडीची' हा शब्द अधोरेखित करा. कोणी पॉप ऐकलं, कोणी लोकगीतं, कोणी शास्त्रीय. निवड रुग्णाची. आवडत्या गाण्याने अंगावर काटा येतो तेव्हा मेंदूत डोपामिन सुटतं हे २०११ साली कॅनडात दिसलं, आणि ते काटा यायच्या आधीपासूनच सुटायला लागतं, कारण पुढे कुठली जागा येणार हे मेंदूला ठाऊक असतं. वाट पाहण्यातच निम्मी गंमत. पण त्यासाठी गाणं आपलं असावं लागतं.

म्हणजे बघा, "संगीत मेंदूला चांगलं" हे वाक्यच अर्धवट आहे. कोणतं, कोणी निवडलेलं, किती मोठ्याने, काय करत असताना, हे सगळं गाळून टाकलं की उरतो फक्त परवाना. लावा काय वाट्टेल ते, कोणाच्याही कानात!

हळदीच्या त्या रात्री आईला उठवून बसवावं लागलं. खिडक्या थरथरत होत्या. जाड आवाज भिंतीतून सरळ आत येतो, कानात कापूस घालून उपयोग नसतो, तो छातीत वाजतो. झोपेतसुद्धा कान बंद होत नाहीत. माणूस जागा झाला नाही तरी नाडी आणि रक्तदाब आवाजासरशी उसळतात. ज्या बाईला रक्तदाबानेच पाडलं तिच्यासाठी ही काय 'फ्रेश' होण्याची गोष्ट आहे? आणि नाचणाऱ्या पोरांचं काय होतं? ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. शंभर डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं! आतल्या कानातल्या त्या केसाएवढ्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. पोरं तिथे चार-चार तास भिंतीला चिकटून असतात.

यावर उत्तर ठरलेलं, "वर्षातून एकदाच तर असतं." त्यांचं एकदा, त्यांच्या चुलत्याचं एकदा, मग साखरपुडा, बारसं, वाढदिवस, गणपती, नवरात्र. पालघर-मनोर रस्त्यावरच्या आमच्या या एवढ्याशा मासवणमध्ये लग्नसराईत 'एकदाच' किती वेळा येतं ते इथे राहून मोजा.

दुसरं उत्तर, "ही आपली संस्कृती आहे." इथे मात्र माझं डोकं फिरतं. कोणाची संस्कृती? आमच्या आजूबाजूच्या पाड्यांवर भात निघाल्यावर तारपा वाजतो. वाळवलेला दुधी, बांबू आणि ताडाचं पान, त्याला ना वीज लागते ना जनरेटर. वाजवणारा मधे, बाकीचे हातात हात गुंफून त्याच्याभोवती गोल. तो वळला की साखळी वळते. वारल्यांच्या लग्नात धवलेरी सगळे विधी गाऊन पार पाडते, रात्र रात्र गाते, आणि शेजारच्या पाड्यावरचं बाळ झोपलेलं असतं. एका तालात हलणाऱ्या माणसांमध्ये जवळीक वाढते, दुखणंसुद्धा कमी जाणवतं, असं ऑक्सफर्डच्या लोकांनी ब्राझीलमधल्या मुलांवर प्रयोग करून २०१५ साली दाखवलं. ते एकमेकांच्या तालाने होतं, वॉटने नाही. डीजेच्या भिंतीपुढे तर शेजारच्याशी एक वाक्य बोलता येत नाही! संस्कृतीचं नाव घेऊन धवलेरीला मांडवातून उठवलं कोणी? याच भिंतीने.

आणि कायदा आहे ना, म्हणाल. आहे. २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद. काही ठरावीक दिवस सरकार बारापर्यंत सूट देतं, ती सणासुदीला, कोणाच्या घरच्या हळदीला नव्हे. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. दहाचा नियम निदान लोकांना तोंडपाठ तरी आहे.

पण आमच्या समोरच राहणारा एक मुलगा तारापूर एमआयडीसीत रात्रपाळी करतो. रात्रभर यंत्रांच्या घरघरीत उभा, सकाळी बोईसरहून येतो, आठच्या सुमारास आडवा होतो. त्याची रात्र तेव्हा सुरू होते. साडेआठला पूजेची गाणी, दहाला भंगारवाल्याचा भोंगा, अकराला मांडव घालणाऱ्यांचं टेस्टिंग, "हॅलो, चेक, चेक". तो कोणाशी भांडत नाही. उशी डोक्यावर घेतो, आणि सहन झालं नाही की त्या आवाजावर मात म्हणून इअरफोन लावून स्वतःची गाणी आणखी मोठ्याने लावतो. परवा आईने त्याला दारातून हाक मारली, आता तिला हाक मारता येते. दोन हाकांना त्याने मागे वळून पाहिलं नाही. तो सव्वीस वर्षांचा आहे.