मोजणी टळली, अंदाज चुकले

शहरांतील ग्राहक उद्या काय विकत घेईल, हा प्रश्न वरवर पाहता कंपन्यांचा आहे. प्रत्यक्षात त्याच्या उत्तराची सूत्रे दिल्लीतील सांख्यिकी यंत्रणेच्या हाती असतात. खासगी पाहण्यांनाही नमुना निवडण्यासाठी जनगणनेचाच आधार घ्यावा लागतो आणि तो आधार २०११ चा आहे. त्या गणनेत ग्रामपंचायतींच्या कारभारात असूनही लक्षणांनी शहरे ठरलेली गावे ३,८९४ होती. २००१ मध्ये ती १,३६२ होती. त्यानंतर किती भर पडली, हे मोजलेच गेले नाही. २०२१ ची गणना लांबली. २०२५ मध्ये तिच्यासाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख जाहीर झाली.

या उणिवेत सरकारच्या निर्णयाने भर पडली. २०१७-१८ च्या कुटुंबखर्च पाहणीचे निष्कर्ष माहितीच्या दर्जाचे कारण देऊन २०१९ मध्ये रोखण्यात आले. पुढची पाहणी २०२२-२३ ची. दरम्यानच्या ११ वर्षांत शहरी कुटुंबांच्या खर्चातील अन्नाचा वाटा ४२.६२ टक्क्यांवरून ३९.१७ टक्क्यांवर आला होता. तरीही २०२४ मध्येही ग्राहक किंमत निर्देशांक २०१२ हेच पायाभूत वर्ष धरून निघत होता.

जीएसटी आणि यूपीआयचे आकडे ही पोकळी भरून काढतील, असे सांगितले जाते. ते उपयुक्त आहेत, पण पुरेसे नाहीत. राज्यांतर्गत वस्तू विकणाऱ्या आणि वर्षाला ४० लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या बहुतेक दुकानदारांवर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. रोखीने पावशेर डाळ नेणारा मजूर या दोन्ही नोंदींत दिसत नाही. दिसणाऱ्याच्याही घरात खाणारी तोंडे किती, हे त्यांवरून कळत नाही.

अंदाज चुकला तर कंपनी सवलत देऊन माल खपवते. सरकारचा चुकला तर माणूस रांगेबाहेर राहतो. अन्नसुरक्षा कायद्याच्या लाभार्थींची मर्यादाही २०११ च्याच लोकसंख्येवर बेतली गेली. पोटासाठी शहरात आलेल्यांना याची झळ अधिक बसते.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्याच आकड्यांवरून पुण्याच्या गोखले संस्थेतील दांडेकर आणि रथ यांनी १९७१ मध्ये देशातील दारिद्र्याचे अप्रिय चित्र मांडले होते. ते मांडता आले, कारण आकडे उपलब्ध होते. पाहणीचे निष्कर्ष कधी प्रसिद्ध व्हावेत, हे मंत्र्यांच्या सोयीने नव्हे, तर कायद्याने बांधलेल्या वेळापत्रकाने ठरले पाहिजे.