आधी ब्रेक ऑइल बदल, मग घोडे मोज

मागच्या महिन्यात एका ओळखीच्या मुलाचा फोन आला. मूळचा नाशिकचा, म्युनिकला नोकरी. तीन वर्षं पैसे साठवून त्यानं जुनी बीएमडब्ल्यू एम3 घेतली. ई46 पिढीची, म्हणजे 2000 ते 2006 या काळात बनलेली, सहा सिलिंडर एका रांगेत असलेली. आवाजातच आनंद होता. "दादा, 343 घोडे आहेत. 400 करायचेत. आधी काय बसवू?"

मी म्हटलं, "ब्रेक ऑइल."

तो हसला. मी हसत नाहीये हे कळल्यावर जरा नाराज झाला. मी कंजूष आहे, म्हातारा झालोय, किंवा माझ्याकडेही तीच गाडी असल्यामुळे त्याची माझ्यापेक्षा जोरात पळू नये असं मला वाटतंय, यातलं काहीतरी त्याच्या मनात आलं असणार. म्हणून हे लिहितोय. त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी, ज्यांना गाडी 'अपग्रेड' करायची म्हणजे घोडे वाढवायचे एवढंच शिकवलं गेलंय.

शिकवलं कुणी? ज्यांना घोडे विकायचेत त्यांनी. 'स्टेज वन, स्टेज टू, स्टेज थ्री' ही भाषाच बघा. जणू शाळेच्या इयत्ता. पहिलीत राहिलात तर नापास. पण स्टेज वन म्हणजे नेमकं काय, याचं कुठलंही प्रमाण नाही. प्रत्येक दुकानदाराची स्टेज वेगळी. मात्र एकदा पहिली पायरी चढलात की दुसरी समोर दिसते आणि खिसा आपोआप उघडतो. शिवाय घोड्यांचा आकडा रीलमध्ये दाखवता येतो. ब्रेकचं पेडल पायाखाली कसं लागतं ते तीस सेकंदांत कसं दाखवणार?

मीही याच शाळेतून गेलोय. सहा वर्षांपूर्वी कोलोनमध्ये मी ही गाडी घेतली आणि पहिल्या चार महिन्यांत एका ट्यूनिंगवाल्याकडे तीन हजार युरो घालवले. नवा सायलेन्सर, नवा एअर फिल्टर आणि इंजिनच्या कॉम्प्युटरचं रिमॅप. त्यानं रोलरवर गाडी चढवून आधीचा आणि नंतरचा आलेख दिला. कागदावर 20 घोडे वाढले होते. तो कागद मी फ्रिजवर लावला. खरंच लावला.

त्या कागदाबद्दल थोडं. या गाडीचं इंजिन 3.2 लिटरचं, त्याला टर्बो नाही. तरीही कारखान्यातून निघतानाच ते लिटरमागे शंभराहून जास्त घोडे देतं. प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा थ्रॉटल, आठ हजार फेऱ्यांपर्यंतची धाव. म्हणजे रस पिळून काढायचं काम बीएमडब्ल्यूच्या इंजिनिअरांनी आधीच केलेलं. उरलेल्या चोथ्यातून तुम्ही किती काढणार? टर्बो असलेल्या इंजिनाची गोष्ट वेगळी. तिथं कॉम्प्युटरमध्ये हवेचा दाब वाढवला की ताकद खरंच वाढते. टोयोटा सुप्राचं जुनं 2जेझेड इंजिन त्यासाठीच दंतकथा झालं. बिनटर्बोच्या इंजिनावर दाब वाढवायला दाबच नसतो. पण व्हिडिओ बघणाऱ्याला दोन्ही 'सिक्स सिलिंडर'च दिसतात आणि सुप्राची स्वप्नं एम3च्या मालकाला विकली जातात. आणि 20 घोड्यांचं म्हणाल, तर हवा थंड की गरम, गाडी रोलरला कशी बांधली, एवढ्यानंही आलेख हलतो.

तर तो कागद फ्रिजवर आणि मी नूरबुर्गरिंगवर. नॉर्डश्लाइफ, 20.8 किलोमीटर. ठरावीक दिवशी पैसे भरून कुणीही आपली गाडी तिथं नेऊ शकतं. कायद्यानं तो तेव्हा एकेरी टोल रस्ता असतो. शेजारच्या सीटवर मित्र होता, त्याची मुलगी तेव्हा आठ महिन्यांची. आरेमबर्गच्या वळणाला जोरात ब्रेक, मग फुक्सरोरेचा उतार, आडेनाउअर फोर्स्टला पुन्हा ब्रेक, कालेनहार्डला पुन्हा. आणि वेअरसाइफेनच्या उतारावर मी ब्रेक दाबला तेव्हा पेडल खाली गेलं. गेलं म्हणजे, पिकलेल्या आंब्यात बोट जावं तसं.

दोनदा पंप केलं. थोडंसं काहीतरी लागलं. गिअर खाली टाकले, इंजिन किंचाळलं, गाडी ब्राइडशाइडच्या पुलावर पोचली, तीही माझ्या लेनमध्ये नाही. तो ट्रॅकचा सगळ्यात खालचा भाग. पुढे लगेच चढ लागतो. त्या चढानं आम्हाला वाचवलं. मी नाही, माझ्या 20 घोड्यांनी तर अजिबात नाही. मित्र पार्किंगपर्यंत एक शब्द बोलला नाही. उतरल्यावर त्यानं फक्त बायकोला फोन लावला आणि जेवलीस का म्हणून विचारलं.

कारण नंतर कळलं, आणि ते इतकं साधं होतं की लाज वाटली. गाडीतलं ब्रेक ऑइल किती जुनं आहे हे मी कधी बघितलंच नव्हतं. आधीच्या मालकाच्या बिलांवरून ते किमान चार वर्षांचं निघालं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. नवं डॉट 4 ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषल्यावर हीच हमी 155 अंशांवर येते. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. तुमचा पाय बुडबुडे दाबत बसतो आणि चाकं फिरत राहतात.

आता थोडं गणित, कारण माझं सगळं भांडण यावरच उभं आहे. दीड टनाची गाडी ताशी 200 वरून 100 वर आणायची तर सुमारे 17 लाख जूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. तेवढ्या उष्णतेत पाच लिटर गार पाण्याला उकळी येते. थोडी हवा खाते, थोडी इंजिन, बाकी सगळी ब्रेकच्या चार तबकड्यांत जाते. तीही तीन-साडेतीन सेकंदांत. म्हणजे त्या क्षणी ब्रेक तुमच्या इंजिनाच्या जवळजवळ दुप्पट ताकदीनं काम करत असतात. गाडीतलं सगळ्यात जोरदार यंत्र बॉनेटखाली नसतंच. आणि आपण त्यात चार वर्षांचं पाणी ठेवून बॉनेटखाली तीन हजार युरो ओततो.

त्या रात्री कोल्हापूरला मामाला व्हिडिओ कॉल केला. मामाचं उद्यमनगरात लेथचं दुकान होतं. लहानपणीच्या सुट्ट्या मी तिथल्या लोखंडाच्या किसात काढल्यात. मी मोठ्या तावातावानं त्याला घोडे, रिमॅप, आलेख सांगत होतो. त्यानं सगळं ऐकलं आणि विचारलं, "ते राहू दे लेका. बेअरिंग उघडून बघितलंयस का?"

बघितलं नव्हतं. या इंजिनाची सुरुवातीच्या वर्षांतली कनेक्टिंग रॉडची बेअरिंग बदनाम आहेत. कंपनीला स्वतःलाच गाड्या परत बोलवून ती बदलावी लागली होती. बेअरिंग गेलं की इंजिन गेलं. दुसरं दुखणं मागच्या बाजूला. मागचा ॲक्सल ज्या चौकटीवर बसतो ती चौकट गाडीच्या पत्र्याच्या जमिनीला जिथे जोडलीय, तिथला पत्रा वर्षानुवर्षांच्या झटक्यांनी चिरतो. माझ्या गाडीला तीन ठिकाणी चिरा निघाल्या. मी ज्या पत्र्यावर 20 जादा घोड्यांचा जोर टाकत होतो तो आधीच फाटत होता. खोटी जाहिरात म्हणतात ती आणखी वेगळी काय असते? सायलेन्सर विकणाऱ्यानं गाडी लिफ्टवर चढवली होती. त्याच पत्र्याखाली उभं राहून त्यानं पाइप बसवला होता. वर बघायला त्याला कुणी पैसे दिले नव्हते, हेही खरं.

मग मी काय केलं? ऑइल बदललं, जास्त उष्णता सोसणारे पॅड टाकले. बेअरिंग बदलून घेतली. पत्र्याला वेल्डिंग करून पट्ट्या लावल्या. मागची रबरी बुश बदलली. हे सगळं सांगितलं की मुलं म्हणतात, "ही तर दुरुस्ती झाली, अपग्रेड कुठंय?" इथंच माझा खरा राग आहे. वीस वर्षं जुन्या गाडीला तिच्या मूळ अवस्थेत आणणं हाच सगळ्यात मोठा अपग्रेड असतो. फक्त त्याचा स्टिकर मिळत नाही.

आणि टायर. ताकद कितीही असो, रस्त्याला चिकटलेले असतात ते चार तळहात. टायरच्या बाजूला अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. 2311 असेल तर 2011 सालचा तेविसावा आठवडा. हे तुमच्या बाइकच्या टायरवरही आहे, आज जाऊन बघा. माझ्या गाडीच्या टायरची नक्षी मस्त शिल्लक होती आणि रबर नऊ वर्षांचं, चपलेच्या तळव्यासारखं कडक.

गाडी 'बसवायचा' सोसही असाच. स्वस्त स्प्रिंग टाकून चार सेंटीमीटर खाली आणायची. फोटोत भारी दिसते. पण या गाडीच्या पुढच्या सस्पेन्शनची रचना अशी, की बॉडी जेवढी खाली येते त्यापेक्षा तिचा झुकण्याचा बिंदू जास्त खाली जातो, आणि वळणावर गाडीला कलंडवणारा जोर उलट वाढतो. वर शॉकअपला हलायला जागा उरत नाही. खड्डा आला की रबरी ठोकळ्यावर आदळणं.

माझ्यावर विश्वास नसेल तर बीएमडब्ल्यूला विचारा. 2003 मध्ये त्यांनी याच एम3ची धारदार आवृत्ती काढली, सीएसएल. फक्त 1,383 गाड्या. घोडे किती वाढवले? 17. मग बाकी काय केलं? 110 किलो वजन उतरवलं, छत कार्बन फायबरचं केलं, पुढच्या ब्रेकच्या तबकड्या मोठ्या केल्या आणि जवळजवळ रेसचे म्हणावेत असे टायर चढवले. जर्मन मासिकाच्या चाचणीत नॉर्डश्लाइफवर साधी एम3 8 मिनिटं 22 सेकंदांत फिरली होती. सीएसएल 7 मिनिटं 50 सेकंदांत फिरली. ती 32 सेकंदं 17 घोड्यांनी आणली असं कुणाला वाटत असेल तर त्याला माझा नमस्कार.

एक कबुली देतो. सीएसएलसारखा कार्बनचा एअरबॉक्स लावलेली एम3 एकदा शेजारून गेली, तो आवाज अजून कानात आहे. आवाजासाठी पैसे घालायचे असतील तर आवाजासाठी घालतोय म्हणा, त्यात गैर काही नाही. सरळ रेषेत ड्रॅग रेस करणाऱ्यांशीही माझं भांडण नाही, त्यांना घोडे लागतातच. भांडण आहे ते 'गाडी फास्ट केली' या वाक्याशी.

पुण्यात, कोल्हापुरात बुलेटचा सायलेन्सर बदलणारे आणि इथले आम्ही, यात फार फरक नाही. तिकडे पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडतात. इकडे ट्यूफचा माणूस शांतपणे कागद मागतो. पार्ट मंजूर नसेल आणि कागदावर चढवला नसेल तर गाडी रस्त्यावर आणायची परवानगीच जाते, मग विमा कंपनीशी तुम्ही आणि तुमचं नशीब. भारतात तर सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्येच सांगितलंय की कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालणार नाहीत. कायद्याचा जाच होतो हे मान्य. पण गंमत बघा, ब्रेक ऑइल, चांगले टायर, चांगले पॅड, अलाइनमेंट यातलं बहुतेक काही केलं तर कुणी तुम्हाला अडवत नाही.

शेवटी पैसे उरले तेव्हा मी एका बंद ट्रॅकवर दिवसभरासाठी शिक्षक घेतला. साठीचे गृहस्थ, चष्मा, हातात थर्मास. सकाळी त्यांनी मला त्यांच्या चार सिलिंडरच्या छोट्या हॅचबॅकमध्ये बसवून तीन फेऱ्या मारल्या. मग मी माझ्या गाडीत तीन मारल्या, ते शेजारी. वेळ त्यांनीच मोजली. माझी सगळ्यात चांगली फेरी त्यांच्या सगळ्यात वाईट फेरीपेक्षा चार सेकंदांनी हळू होती. "गाडी छान आहे," ते म्हणाले, "तुम्ही ब्रेक फार लवकर सोडता."

नाशिकच्या मुलाचा काल मेसेज आला. ऑइल काढलं, चहासारखं काळपट निघालं म्हणे. खाली टायरच्या आकड्यांचा फोटो होता: 4012.