चुलीचा धनी कोण?

एखादी वस्तू जगातून गेली असे जाहीर करणे फार सोपे असते. तिला खरोखर घालवणे कठीण. आणि जी गेली असे एकदा जाहीर झाले, तिची दुरुस्ती कोण करील? मेलेल्या माणसासाठी वैद्य बोलावण्याची चाल कोठेच नाही. आमच्याकडील लाकडाच्या चुलीची आज नेमकी हीच अवस्था झाली आहे. ७ सप्टेंबर २०१९ रोजी तेव्हाच्या औरंगाबादेस, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरास, बचतगटांतील स्त्रियांच्या मोठ्या मेळाव्यात पंतप्रधानांच्या हस्ते एक गॅसजोडणी देण्यात आली आणि उज्ज्वला योजनेचा आठ कोटींचा संकल्प पुरा झाला. योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली होती. ठरल्या मुदतीच्या सात महिने आधीच तिने हा पल्ला गाठला. ही गोष्ट लहान नव्हे, आणि तिची थट्टा करण्याचा आमचा हेतूही नाही. परंतु त्या शहरापासून साठेक किलोमीटरवर जालना आहे, आणि जालना जिल्ह्यातील खेड्यांत आजही दिवेलागणीला पत्र्यांच्या फटींतून धूर निघताना ज्याला दिसत नाही, त्याने एक तर डोळे मिटले असले पाहिजेत किंवा त्याच्या डोळ्यांत तो धूर कधी गेला नसला पाहिजे.

आमचे म्हणणे केवळ डोळ्यांच्या साक्षीवर उभे नाही. देशाच्या महालेखापरीक्षकांनी २०१९ सालीच दाखवून दिले की उज्ज्वलेच्या ज्या जोडण्यांना वर्ष उलटून गेले होते, त्यांवर वर्षाकाठी सरासरीने ३.२१ टाक्याच भरून घेतल्या जात होत्या. १४.२ किलोची एक टाकी जवळजवळ पावणेचार महिने पुरवायची, असा याचा अर्थ. शहरातील चौघांचे कुटुंब तीच टाकी दोन महिन्यांत संपवते. मग उरलेल्या दिवसांत खेड्यातील घर जेवत नव्हते काय? जेवत होते, आणि ते अन्न चुलीवरच शिजत होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत देशातील ५८.६ टक्के कुटुंबांकडे स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन आढळले. म्हणजे शंभरातली एक्केचाळीस घरे त्यावेळीही धुरात होती. ज्यांच्याकडे टाकी होती त्यांपैकी किती जणी ती पाहुण्यांच्या चहापुरती राखून ठेवत असतील, ते या आकड्यात दिसत नाही.

जालन्याकडे चूल टिकून आहे ती कोणाच्या अडाणीपणामुळे नव्हे. जंगल या जिल्ह्यात नावालाच आहे; त्यामुळे चूल वने खाते हा शहरी आक्षेप येथे फारसा लागू पडत नाही. येथली चूल शेत खाते. कपाशीची वेचणी आटोपली की पऱ्हाटी उपटावयाची, तूर झोडपली की तुराट्या बांधावयाच्या, बांधावरच्या बाभळीच्या फांद्या छाटावयाच्या, आणि उन्हाळाभर गोवऱ्या थापून त्यांचा कलवड रचावयाचा. भोकरदनपासून परतूरपर्यंत कोठेही जा, घरामागची पऱ्हाटीची गंजी हे त्या घराचे वर्षाचे जळण असते. हे जळण पैशाने आणावे लागत नाही. बाईच्या डोक्यावरून व कमरेवरून ते येते, आणि तिच्या श्रमाचा हिशोब कोणत्याच वहीत नसल्यामुळे ते फुकट समजले जाते. टाकीला मात्र रोख पैसे लागतात, आणि ज्या घरात रोकड कापूस विकला तरच दिसते, तेथे फुकटाची चूल विकतच्या शेगडीला हरवणार हे सांगण्यास अर्थशास्त्री कशाला हवा?

तेव्हा आमचा प्रश्न असा आहे, की जी चूल आणखी काही वर्षे पेटणारच आहे, तिची निगा कोणी राखावयाची?

जुन्या माळवदाच्या घरांत धुरासाठी साणे ठेवीत. छपराला पडलेले ते एक भोक. उजेड त्यातून येई आणि धूर त्यातून जाई. ती व्यवस्था उत्तम होती असे आम्ही म्हणत नाही. माळवदाच्या तुळया काजळीने काळ्याठिक्कर पडलेल्या असत आणि माणसांच्या छात्या त्याहून काही वेगळ्या नसाव्यात. परंतु धुराला घराबाहेर जाण्याचा हक्क आहे एवढे तरी त्या घर बांधणाऱ्याला मान्य होते. पुढे माळवदे पडली, पत्रे आले. पत्रे गेले, स्लॅब आला. घर पक्के होत गेले, आणि धुराची वाट बंद होत गेली. गवंड्याने स्वयंपाकघराला पुस्तकी मापाची खिडकी ठेवली, ती बहुधा चुलीच्या विरुद्ध भिंतीला. आणि तीही पावसाळ्यात पोते लावून बंद. गाव सुधारले असे आपण म्हणतो त्याच काळात कित्येक स्वयंपाकघरे अधिक घुसमटली. ज्या जालन्याच्या भट्ट्यांतून निघालेली लोखंडी सळई महाराष्ट्रभरच्या स्लॅबांत पडली आहे, त्या भट्ट्यांच्या धुरावर प्रदूषण नियंत्रण मंडळाची नजर असते. त्याच जिल्ह्यातल्या चुलीला सहा हात लांबीची एक नळी मिळू नये?

नळी मिळाली तरी तेवढ्याने काम भागत नाही, हे मात्र येथेच सांगितले पाहिजे. धुराड्याची चूल हे एक यंत्र आहे आणि यंत्राला देखभाल लागते. नळीच्या आत काजळीचा थर चढतो. तो जसजसा वाढेल तसतशी नळीची ओढ कमी होते, आणि वर जाणारा धूर उलटून चुलीच्या तोंडातून खोलीत येतो. म्हणून पंधरा दिवसांनी, निदान महिन्याने, काठीला चिंध्या गुंडाळून नळी आतून झाडावी लागते. नळीचे टोक छपराच्या वर चांगले उंच असावे लागते, नाहीतर वारा धूर परत आत ढकलतो. आणि त्यावर टोपी असावी लागते, नाहीतर पहिल्याच पावसात मातीच्या चुलीच्या पोटात पाणी उतरते. भांडे आणि चुलीचे भोक यांत फट राहिली तर तेथूनही धूर निसटतो. ती फट शेणमातीने वेळच्या वेळी बुजवावी लागते. राख साठली की जाळाला हवा मिळत नाही. जळण ओले असले की मग बोलूच नका; आषाढश्रावणात भिजलेली पऱ्हाटी आणि अर्धवट वाळलेली गोवरी यांनी जेवढा धूर होतो तेवढा चांगल्या वाळलेल्या बाभळीने महिन्यात होत नसेल.

या सगळ्यांत एक गोष्ट आम्हांला विशेष बोधप्रद वाटते. सुधारित चुलीचे तोंड मुद्दाम लहान ठेवलेले असते, कारण ते लहान असेल तरच ओढ नीट बसते. घरोघर काही दिवसांनी पाहावे तर ते तोंड खणून मोठे केलेले! तज्ज्ञ येतात, कपाळाला हात लावतात, आणि बायकांना शास्त्र समजत नाही असा अभिप्राय लिहून निघून जातात. वस्तुस्थिती अशी, की लाकूड फोडून मिळत नाही. कुऱ्हाड चालवणे हे पुरुषाचे काम समजले गेले आहे; तो पुरुष सकाळी पारावर किंवा बाजाराला गेलेला, आणि समोर पडलेले ओंडके मांडीएवढे जाड. मग ती बाई ओंडका लहान करू शकत नाही म्हणून चुलीचे तोंड मोठे करते. शास्त्र बिघडले ते येथे. आणि त्याचा दोष मात्र तिच्या नावावर.

बिनधुराची चूल ही काही काल सुचलेली कल्पना नव्हे. गेल्या शतकाच्या पाचव्या दशकात वर्ध्याच्या मगनवाडीतून मगनचूल निघाली. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी मातीचीच, धुराड्याची आणि एका जाळावर अनेक भांडी शिजवणारी चूल सिद्ध केली आणि १९५३ साली तिच्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्या वर्षी जालना हैदराबाद राज्यातच होते. आमच्याच राजधानीत झालेला हा शोध आमच्याच खेड्यांत रुजला नाही. पुढे १९८३ पासून केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालवला, आणि २००२ साली तो गुंडाळला जाईपर्यंत देशभर सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्या गेल्या. किती बसवल्या याचे तक्ते झाले. तीन वर्षांनी त्यांतल्या किती धडपणे जळत होत्या, नळी कोणी झाडली, तडा कोणी बुजवला, या प्रश्नांना त्या तक्त्यांत पुरेसा रकाना नव्हता. पुण्याच्या 'आरती' या संस्थेने लक्ष्मी, भाग्यलक्ष्मी अशा नावांच्या चुली घडवल्या व त्या करण्याचे शिक्षणही दिले, हे खरे. परंतु एका संस्थेने एवढ्या मोठ्या महाराष्ट्राच्या नळ्या झाडाव्यात अशी अपेक्षा कोण करील?

ओडिशातील एक अभ्यास या बाबतीत फार उद्धृत केला जातो. रेमा हन्ना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या तिघांनी तेथील खेड्यांत सुधारित चुली घेतलेल्या घरांचा चार वर्षे मागोवा घेतला. त्यांचा निबंध २०१६ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षी बायकांच्या छातीत जाणारा धूर कमी झाला. पुढे तो लाभ उरला नाही, कारण चुलींचा वापर घटत गेला आणि त्यांची दुरुस्ती कोणी केली नाही. यावरून सुधारित चूल हे थोतांड आहे असा निष्कर्ष काढून मोकळे होणारे विद्वान आम्ही पाहिले आहेत. आम्हांला त्याच निबंधातून उलट अर्थ दिसतो. पहिल्या वर्षी नळी स्वच्छ होती तेव्हा चूल आपले काम करीत होती! विहिरीचा गाळ कोणी उपसला नाही म्हणून ती आटली, तर विहीर हा प्रकारच निरुपयोगी असे कोणी शेतकरी म्हणतो काय?

येथे आमच्यावर एक आक्षेप येईल व तो विचार करण्याजोगा आहे. तुम्ही चुलीची निगा राखा म्हणता, म्हणजे बाईला आणखी वीस वर्षे चुलीपुढेच बसवता. तिला गॅस मिळवून देण्याचे सोडून धुराड्याच्या गप्पा काय मारता? यावर आमचे उत्तर असे. गॅस धुराड्याच्या चुलीहून निःसंशय चांगला आहे. चूल कितीही सुधारली तरी ती त्याची बरोबरी करणार नाही, आणि धुराड्याने बाहेर टाकलेला धूर शेवटी त्याच गल्लीत फिरतो. टाकी स्वस्त व्हावी, हे आम्ही शंभरदा म्हणू. परंतु ती स्वस्त होईपर्यंतच्या सकाळ-संध्याकाळींचे काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने घरातील धुरापायी २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. कर्क स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी गुजरातेतील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर उपकरणे लावून त्यांच्या श्वासातला धूर मोजला व ते आकडे १९८३ साली छापले. तेव्हापासून कोणालाही ठाऊक नव्हते असे म्हणण्याची सोय उरलेली नाही. उद्याच्या गॅसने आजची छाती साफ होत नाही.

दुसरा एक वर्ग आहे, त्याच्याशी मात्र आम्ही थोडक्यात बोलू. महामार्गावर 'चुलीवरची भाकरी', 'चुलीवरचे मटण' अशा पाट्या लागलेल्या असतात. तेथे मोटारी थांबतात, आणि जेवणारे तृप्त होऊन आजीच्या स्वयंपाकघराच्या आठवणी काढतात. बाजरीची भाकरी निखाऱ्यावर फुगते तशी बर्नरवर फुगत नाही, हे आम्हांलाही ठाऊक आहे. पण आजीचे डोळे म्हातारपणी कशाने गळत होते, याचीही आठवण या मंडळींनी कधी काढावी.

आता मूळ मुद्दा. आमच्या भाषेने चुलीला केवढा मान दिला आहे! वेगळी चूल मांडली की वेगळे घर. चूलबंद आवतण दिले की सगळ्या घराला आमंत्रण. घर म्हणजे चूल असे समीकरण असताना चुलीचा धनी कोण, असे विचारले तर उत्तर काय येईल? घर पुरुषाच्या नावावर, बांधावरची बाभूळ पुरुषाची, कुऱ्हाड पुरुषाची. आणि त्या सर्वांच्या मधोमध जळणारी चूल मात्र बाईची. तिचा पोतेरा तिने द्यावा, तिची राख तिने काढावी, तिचा धूर तिने गिळावा. छपरावर चढून नळी झाडणे तिला लुगड्यात शक्य नाही आणि शोभतही नाही, असे तिला सांगितले जाते. म्हणून ते काम कोणीच करीत नाही. समर्थ रामदास या जिल्ह्यातल्याच जांबचे. त्यांना दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेसाठी द्यावासा वाटला. लेखणी, शाई, कागद कसा असावा हे सांगणे त्यांना परमार्थाच्या ग्रंथात हलके वाटले नाही. चुलीचे तोंड किती असावे हे सांगणे मात्र आमच्या शिकलेल्यांना अजून हलके वाटते. पोळ्याच्या आदल्या दिवशी जो शेतकरी बैलाचा खांदा हळदीलोण्याने मळतो, नांगराचा फाळ स्वतः लोहाराकडे नेतो, इंजिनाचे तेल बदलतो, त्याला काठीला चिंधी गुंडाळता येत नाही असे आम्ही मुळीच मानत नाही. त्याने ते काम आपले मानलेले नाही, एवढेच.

सरकारलाही यांत काही करता येईल. गुलाबी बोंडअळीने २०१७ साली मराठवाडा-विदर्भाची कपाशी पोखरल्यापासून कृषिखाते दरवर्षी सांगते, की पऱ्हाटी शेतात किंवा बांधावर रचून ठेवू नका, तिचा नायनाट करा. सल्ला पिकाच्या दृष्टीने बरोबर आहे. पण ही पऱ्हाटी म्हणजे कोणाचे तरी वर्षाचे जळण, हे त्या सल्ल्यात कोठे आहे? ती बारीक करून, अळी मारून, कोरडी साठवण्याची युक्ती शेतकऱ्याबरोबर शेतकरणीलाही कोणी दाखवली पाहिजे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या २५ चौरस मीटरांच्या घरात स्वयंपाकाची स्वच्छ जागा धरलेली आहे. तेथे स्लॅब ओतण्यापूर्वी नळीसाठी एक भोक ठेवण्यास किती सिमेंट जास्त लागते? आणि जालना जिल्हा ज्या दिवशी, १ मे १९८१ रोजी, वेगळा झाला, त्या १ मेला दरवर्षी गावोगाव ग्रामसभा भरतेच. पुढच्या १ मेच्या सभेत नाली, रस्ता, घरपट्टी हे विषय झाल्यावर गावातल्या किती स्वयंपाकघरांतून धुराला बाहेर जाण्यास वाट नाही, आणि ज्या घरांत नळी आहे तेथे ती शेवटची कोणी व कधी झाडली, एवढे दोनच प्रश्न कोणीतरी उभे राहून विचारावेत. आणि उत्तर देण्याचे काम घराघरांतल्या पुरुषांकडे सोपवावे.