आहेराच्या वहीत श्रमाचे पान

‘लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून’ ही म्हण मराठी घरात प्रत्येक पिढीला नव्याने कळते. घर बांधताना नकाशा आधी होतो, अंदाजपत्रक आधी होते, मग पाया खणला जातो. लग्नात मात्र बहुधा उलटे घडते. सुपारी फुटते, कार्यालय ठरते, आचाऱ्याला विसार जातो आणि एकूण किती खर्च झेपेल हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारला जातो. दुकानातला माल उधारीवर देताना दहा वेळा विचार करणारे व्यापारी घरही या एका प्रसंगी हिशेबाची वही मिटून ठेवते.

अलीकडे काही तरुण वधूवर घरच्या हातांनी, मोजक्या खर्चात लग्न करण्याचा आग्रह धरू लागले आहेत. पत्रिका स्वतः लिहायची, तोरणे घरी ओवायची, सजावट भावंडांनी करायची, असा त्यांचा बेत असतो. वडीलधाऱ्यांना ही नवी हौस वाटते. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांपुरते बोलायचे तर ती मुळीच नवी नाही. या मातीत हा प्रयोग एकदा मोठ्या प्रमाणावर होऊन गेला आहे.

आजचा सांगली जिल्हा १९४९ पर्यंत स्वतंत्र नव्हता. त्याचा मोठा भाग जुन्या सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. या जुन्या साताऱ्यात १९४२ च्या चळवळीनंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. गावोगावच्या न्यायदान मंडळांची आणि तुफान सेनेची आठवण सर्वांना आहे. त्याच काळात रुजलेल्या ‘गांधी लग्ना’ची आठवण मात्र पुसट होत चालली आहे.

गांधी लग्नाचे स्वरूप साधे होते. वधूवरांच्या अंगावर खादी, गळ्यात हाताने कातलेल्या सुताचे हार, हुंड्याला मनाई आणि खर्चाला मर्यादा. मानपानाच्या याद्या नाहीत, वाजंत्री व जेवणावळींची चढाओढ नाही. काही ठिकाणी एकाच मांडवात अनेक जोडप्यांचे विवाह लागत. नाना पाटील वाळवा तालुक्यातील येडे मच्छिंद्र गावचे. तलाठ्याची नोकरी सोडून ते चळवळीत आले होते. शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर लग्नाचे कर्ज कसे चढते, हे तलाठ्याच्या दप्तरात बसलेल्या माणसाला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. सावकाराच्या दारातून माणूस सोडवायचा तर आधी त्याला लग्नाच्या मांडवातून सोडवले पाहिजे, ही या मोहिमेमागची समज होती.

तिचे मूळ आणखी मागे जाते. महात्मा जोतीराव फुले यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण, तर सावित्रीबाईंचे जन्मगाव याच जिल्ह्यातील नायगाव. फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह झाला. त्यासाठी सावित्रीबाईंनी पुढाकार घेतला होता. नाना पाटील यांच्यावर सत्यशोधक विचारांचा संस्कार होता. पुण्यात पेरलेले बी सत्तर वर्षांनी सातारच्या गावांत उगवले, असे म्हणण्यास हरकत नाही.

या प्रयोगातून आजच्या व्यापारी कुटुंबाने घ्यावे असे काय आहे? खादी आणि सुताचा हार ही त्याची बाह्य खूण झाली. खरे बळ होते ते सर्वांनी एकदम साधे होण्यात. एकट्या घराने खर्च कमी केला की गाव त्याला कंजूष म्हणते, किंवा पेढी अडचणीत आहे अशी कुजबूज करते. व्यापाऱ्याला दुसरी शंका पहिलीपेक्षा महाग पडते, कारण पत हेच त्याचे भांडवल. पण गावातला कर्ता माणूसच आपल्या घरचे कार्य सुताच्या हारावर उरकतो, तेव्हा साधेपणाची लाज संपते. गांधी लग्नाने गरिबाला हा आडोसा दिला.

म्हणून समाजातील पहिले साधे लग्न सर्वांत संपन्न घरातले असले पाहिजे. ज्याला खर्च सहज परवडतो त्याने तो न करण्याला अर्थ आहे. ज्याला परवडत नाही त्याने आवर घातला, तर त्याचे कौतुक होत नाही, कीवच होते. श्रावकाच्या व्रतांत परिग्रहाचे परिमाण आपणच आपल्याला घालून घ्यायचे असते. ते घालून घेण्याची खरी कसोटी ज्याच्याजवळ परिग्रह आहे त्याचीच.

आता हिशेब. समजा, एका पेढीने लग्नासाठी धंद्यातून १० लाख रुपये काढले. ही रक्कम मालात वर्षातून चार वेळा फिरत असेल आणि प्रत्येक फेरीत खर्च वजा जाता ५ टक्के सुटत असतील, तर त्या घराचे वर्षाचे २ लाखांचे उत्पन्न थांबले. हाच पैसा १२ टक्के दराने पाच वर्षांच्या कर्जाने उभा केला, तर दरमहा सुमारे २२,२५० रुपयांचा हप्ता बसतो आणि परतफेड साधारण १३ लाख ३५ हजारांवर जाते. मांडव दोन दिवसांत उतरतो, हप्ता साठ महिने चालतो. नव्या सुनेने घरात पाऊल ठेवल्यापासून पाच वर्षे त्या घरातील बोलण्यावर या हप्त्याची सावली राहते. धाकट्या मुलीचे शिक्षण, दुकानाची दुरुस्ती, आजाऱ्याचे औषधपाणी, सगळे त्या रकमेकडे पाहून ठरते. ऋण काढून सण करण्याची खरी किंमत ही आहे.

घरच्या हातांनी लग्न करू पाहणाऱ्यांनी मात्र एक गैरसमज आधीच दूर करावा. बचत सजावटीत फारशी नसते. ती माणसांच्या आकड्यात आणि समारंभांच्या संख्येत असते. समजा, पानाला ४०० रुपये पडतात. हजार पानांचे ४ लाख झाले, तीनशे पानांचे १ लाख २० हजार. एका निर्णयाने २ लाख ८० हजार वाचले. याउलट घरच्या मुलींनी महिनाभर रात्री जागून कागदी फुले केली, तर वाचतील काही हजार. यादी हजाराचीच ठेवून तोरणे घरी ओवणे म्हणजे मोहरा उधळून कवड्या गोळा करणे होय.

यादी आखडताना व्यापारी घराची अडचण खरी असते. अडते, दलाल, शेतकरी, हमाल, वर्षानुवर्षांची गिऱ्हाइके, कोणाला वगळायचे? सांगलीच्या हळद-गुळाच्या पेठेत एकेका पेढीचा संबंध शेकडो घरांशी असतो. त्याला सोपा मार्ग आहे. लग्नाला नातलग आणि जिवलग तेवढे बोलवावेत. व्यवहारातील मंडळींना लग्नानंतर एका सकाळी पेढीवर बोलावून नवदांपत्याची ओळख करून द्यावी आणि हातावर सातारी कंदी पेढा ठेवावा. हजाराच्या पंगतीत यजमानाला ज्याच्याकडे पाहायलाही सवड मिळत नाही, त्या हमालाशी तेथे दोन शब्द बोलणे होते.

दुसरी मोठी बचत वेळेची निवड करते. रात्रिभोजन वर्ज्य मानणाऱ्या समाजाला ती आपसूक साधायला हवी. सकाळचा मुहूर्त धरला आणि पंगती दिवसाउजेडी उठल्या, की रोषणाई, जनित्र, रात्रीचा स्वागतसमारंभ आणि त्यासाठीचे वेगळे कपडे हे सारे गळून पडते. तरीही व्रत पाळणाऱ्या घरांच्या पत्रिकांवर ‘सायंकाळी सात वाजल्यापासून’ अशी ओळ दिसते. धर्माने दिलेली काटकसर रिवाजाने काढून घेतली आहे.

हे दोन निर्णय झाल्यावर हातकामाकडे वळावे. त्याचेही अंदाजपत्रक असते, मात्र ते तासांत मांडायचे. शंभर घरांसाठी हाताने पत्रिका लिहायच्या आणि एकीला पंधरा मिनिटे लागली, तर पंचवीस तास हवेत. पुण्यात १९४० मध्ये सुरू झालेल्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणचा कागद आणला आणि घरातील सुवाच्य अक्षराच्या दोघांनी महिनाभर रोज अर्धा तास दिला, तर काम त्रासाविना होते. जे काम शेवटच्या आठवड्यावर येऊन पडते, ते हाताने करू नये. त्यासाठी बाहेरचा माणूस घ्यावा. तीनशे जणांचा स्वयंपाक घरी रांधण्याचे धाडसही करू नये. मर्यादेचे नियम पाळणाऱ्या घरात फराळाचे पदार्थ फार आधी करून ठेवता येत नाहीत, हेही लक्षात घ्यावे. चांगला आचारी, पाच-सहा नेमके पदार्थ आणि वाढायला घरची तरुण मंडळी, ही जुनी रीतच अजूनही सर्वांत किफायतशीर आहे.

मराठी लग्नात हातकामाची स्वतःची जागा होतीच, ती म्हणजे रुखवत. मण्यांची तोरणे, लोकरीच्या बाहुल्या, भरतकामाचे रुमाल, कुरडया आणि पापड, असे वधूच्या घरच्या बायकांनी वर्षभर सवडीने जमवलेले ते काम असे. आज तयार रुखवत भाड्यानेही मिळते. दोन तास मांडायचे आणि परत करायचे. एवढा खर्च करून मांडलेल्या त्या वस्तूंत वधूच्या आजीचा एकही टाका नसतो. त्याऐवजी पाचच वस्तू ठेवाव्यात, पण त्या घरात घडलेल्या असाव्यात. परतभेटीसाठी प्लॅस्टिकच्या शोभेच्या वस्तू देण्यापेक्षा घरी शिवलेल्या खणाच्या बटव्यात मूठभर तासगावचा बेदाणा किंवा सांगलीची हळकुंडे द्यावीत. येणाऱ्याच्या घरी ती वापरली तरी जातात.

हातकामाला वेळ किती लागतो आणि त्याचे मोल काय, याचे प्रसिद्ध उदाहरण २६ मार्च १९४२ रोजी अलाहाबादला झालेल्या इंदिरा नेहरू यांच्या विवाहाचे आहे. नेहरू घराण्याला कोणतेही रेशीम परवडले असते. पण वधूने नेसलेली गुलाबी साडी वडिलांनी तुरुंगात कातलेल्या सुताची होती. ती साडी किती रुपयांची, असे कोणी विचारत नाही.

तरीही एक धोका उरतो. ‘घरचे हात’ म्हणजे प्रत्यक्षात घरातील स्त्रियांचे हात. नियोजन पुरुषांनी करावे, कौतुक वधूवरांचे व्हावे आणि पाठ मात्र काकू-मामींची दुखावी, असे झाले तर ती काटकसर म्हणता येत नाही. तो दुसऱ्याच्या नावावर टाकलेला खर्च ठरतो. यावरचा उपायही आपल्या घरातच आहे. प्रत्येक कुटुंबात आहेराची वही असते. कोणी काय दिले हे तिच्यात लिहिलेले असते आणि त्यांच्या घरच्या कार्यात ते आठवणीने फेडले जाते. त्या वहीत एक पान श्रमाचे ठेवावे. मामीने तीस बटवे शिवले, आत्याच्या मुलाने पंगत वाढली, शेजारच्या घराने पाहुण्यांना दोन खोल्या दिल्या, हे सारे नावानिशी लिहावे. उद्या त्यांच्या घरी कार्य निघाले की पाकीट पाठवून मोकळे न होता तेवढेच तास घेऊन जावे. पैशाचा आहेर घरात दरवेळी चढत जातो, श्रमाचा आहेर समसमान राहतो. श्रीमंताच्या आणि गरिबाच्या दिवसाला तास तेवढेच असतात.

पैशाचा आहेरही नीट नोंदवावा. हुंडा देणे-घेणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. वधूला व वराला मिळालेल्या भेटींच्या याद्या ठेवण्याचे नियम १९८५ पासून लागू आहेत. अशी सह्या केलेली यादी म्हणजे अविश्वास नव्हे. पुढे कधी प्रश्न उद्भवला तर ती वधूच्या हक्काच्या वस्तूंची राखण करते.

साताऱ्याने लग्नातील सोन्याचाही एक धडा दिला आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह चालू केले. जैन घरातल्या या कर्त्या पुरुषापाशी मुलांना जेवू घालायला पैसा उरला नाही, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले. मंगळसूत्रही मागे ठेवले नाही. लग्नात मिरवलेले सोने पुढे कशासाठी मोडावे लागेल, हे कोणालाच ठाऊक नसते. मांडवाची हौस फेडण्यासाठी मोडलेल्या सोन्याची मात्र पुढे कोणी आठवण काढत नाही.

ज्या घरी येत्या मोसमात कार्य आहे, त्या घराने कार्यालयाचा विसार देण्याआधी एक संध्याकाळ एकत्र बसावे. वधूवरांसह सर्वांनी तीन आकडे कागदावर लिहावेत: धंद्याला आणि शिलकीला धक्का न लावता किती रक्कम काढता येते, किती माणसे बोलवायची आणि घरातील कोण किती तास देणार. तिन्ही आकड्यांवर एकमत झाल्यावरच तो कागद घडी करून आहेराच्या नव्या वहीत ठेवावा आणि मग सुपारी फोडावी.