काचेवरची जात आणि दारावरची जात

दिल्लीत रस्त्यावर वेळ भरपूर जातो आणि त्या वेळात वाचायला समोरच्या गाडीची मागची काच असते. धौला कुआं असो, आश्रम चौक असो की नोएडाकडे जाणारा डीएनडी पूल, कोंडीत अडकलं की ही अक्षरं डोळ्यांसमोर उभी राहतात. जाट. गुर्जर. राजपूताना. यादव. पंडितजी. कुठे सोबत तलवार, कुठे परशू, कुठे पीळ दिलेली मिशी. महाराष्ट्रातून शिकायला आलेल्या माणसाला यात फार नवल वाटू नये. आपल्याकडे बुलेटवर 'पाटील' असतं, स्कॉर्पिओवर '९६ कुळी' असतं, 'राजे' आणि 'सरकार' तर गल्लोगल्ली असतात. इथे अक्षरं जरा मोठी, एवढाच फरक.

समाजशास्त्र शिकल्यामुळे म्हणा किंवा आपण ज्या वस्तीतून आलो तिच्यामुळे म्हणा, मला या काचा वाचताना काय लिहिलेलं नाही तेही वाचायची सवय लागली आहे. कधी एखाद्या ऑटोच्या मागे निळ्या अक्षरांत 'जय भीम' दिसतं, कधी एखाद्या मोटारसायकलवर 'जय वाल्मीकि'. पण बऱ्याच काचा कोऱ्या असतात आणि कोऱ्या काचाही दोन प्रकारच्या असतात. एक प्रकार दक्षिण दिल्लीतल्या बंगल्यातून निघणाऱ्या गाड्यांचा. त्यांना स्टिकर लागत नाही. आडनाव, इंग्रजी, शाळा, क्लबची मेंबरशिप यांनी ते काम तीन पिढ्यांपूर्वीच करून ठेवलं आहे. दुसरा प्रकार ज्यांच्याकडे गाडीच नाही त्यांचा. पहाटे रस्ता झाडणारी बाई किंवा सीवरमध्ये उतरणारा माणूस यांच्या अंगावर काही लिहावं लागत नाही. काम पाहूनच लोक जात ओळखतात.

या स्टिकरांचा प्रश्न सरकारनेही हाती घेतला आहे. डिसेंबर २०२० मध्ये उत्तर प्रदेशच्या परिवहन विभागाने जातीची नावं लिहिलेल्या गाड्यांवर कारवाईचे आदेश काढले. या आदेशाची सुरुवात आपल्याकडून झाली होती. महाराष्ट्रातल्या एका शिक्षकाने पंतप्रधानांना पत्र लिहून तक्रार केली होती की उत्तर प्रदेशात गाड्यांवर जाती मिरवल्या जातात आणि हे समाजाला घातक आहे. सुरुवातीच्या दंडांपैकी एक लखनौमध्ये झाला आणि तो 'सक्सेनाजी' लिहिलेल्या गाडीला. मग ऑगस्ट २०२३ मध्ये नोएडा आणि गाझियाबादमध्ये पोलिसांनी मोहीम काढून जात आणि धर्माच्या स्टिकरांवर चलान फाडली. सप्टेंबर २०२५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने एका दारूच्या केसमध्ये एफआयआरमध्ये आरोपींच्या जाती लिहिल्याबद्दल पोलिसांना फटकारलं आणि काही दिवसांतच राज्य सरकारचा मोठा आदेश आला. पोलिसांच्या कागदांवर जात नको, गाड्यांवर नको, गावाच्या वेशीवरच्या फलकांवर नको, जातीच्या नावाने राजकीय मेळावे नकोत.

पहिल्यांदा वाचल्यावर मला हे बरं वाटलं. हातावर घड्याळाऐवजी जात बांधून फिरणाऱ्यांना कुणीतरी विचारलं पाहिजेच. पण नंतर तो 'सक्सेनाजी' डोक्यातून जाईना. आडनाव काचेवर लिहिलं तर ते जातीचं प्रदर्शन आणि दंड. तेच आडनाव सोसायटीच्या पाटीवर, वकिलाच्या ऑफिसबाहेर, प्राध्यापकाच्या दारावर, शोरूमच्या बोर्डवर असलं तर तो फक्त पत्ता. म्हणजे दंड मिरवण्याच्या एका विशिष्ट, जरा गावरान पद्धतीला आहे. ज्यांचा विशेषाधिकार सभ्य कपड्यांत फिरतो, त्यांची गाडी डीएनडीवरून सरळ निघून जाते.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. हा आदेश शब्दशः वाचला तर त्याला सगळी जातिवाचक अक्षरं सारखीच दिसतात. सहारनपूर जिल्ह्यातल्या घडकौली गावाच्या वेशीवर 'द ग्रेट चमार' असा फलक लागला होता, खाली बाबासाहेबांचं नाव आणि गावात स्वागत. त्यावरून २०१६ मध्ये वाद पेटला आणि त्या वादातून भीम आर्मी आणि चंद्रशेखर आझाद ही नावं लांबवर पोचली. तेच आझाद २०२४ मध्ये नगीनामधून खासदार झाले. आता या आदेशानुसार तो फलक आणि कुणाच्या एसयूव्हीवरचं 'ठाकूर' एकाच रांगेत उभे राहतात.

पण ते एक नाहीत आणि हे कायद्याला ठाऊक आहे. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वर्ण सिंग खटल्यात सांगितलं की कुणाला हिणवण्यासाठी 'चमार' म्हणणं हा अत्याचारविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. तोच शब्द त्या जातीतली माणसं मोठ्या अक्षरात वेशीवर लावतात तेव्हा ती शिवी परत घेत असतात. पंजाबमधली गिनी माही 'डेंजर चमार' गाते तेव्हाही हेच घडतं. गावात ज्याच्याकडे जमीन, पंचायत आणि ठाणं आहे तो आपली जात काचेवर लिहितो तेव्हा तो मागच्या गाडीला सांगत असतो की हॉर्न वाजवण्याआधी विचार कर. पहिलं लिखाण भीती घालवण्यासाठी आहे, दुसरं भीती घालण्यासाठी.

राज्य सरकारलाही हा फरक कळतो. पोलिसांच्या नोंदीतून जात काढताना त्याच आदेशाने अॅट्रॉसिटी कायद्याखालच्या प्रकरणांना सूट दिली आहे, कारण तिथे जात लिहिली नाही तर गुन्हाच सिद्ध होणार नाही. मग हेच शहाणपण काचेला आणि फलकाला का लागू नसावं?

इथे बाबासाहेबांनी सांगितलेली श्रेणीबद्ध विषमता विसरून चालत नाही. 'यादव' किंवा 'गुर्जर' लिहिणारा प्रत्येक जण सत्तेच्या शिखरावर बसलेला नाही. मंडलनंतर ज्या जातींना पहिल्यांदा आवाज मिळाला, त्यांच्या काचेवरच्या नावात वरच्यांना दिलेलं उत्तरही आहे. पण तेच नाव खाली पाहताना धमकी होऊ शकतं. वर पाहताना मागास आणि खाली पाहताना मालक, ही आपल्या समाजाची रचनाच आहे. म्हणून शब्दांची यादी करून बंदी घालणं सोपं आहे. शब्द कोण कुणाला ऐकवतो आहे ते पाहणं अवघड आहे.

गाण्यांचंही तसंच. लग्नाच्या वरातीत, जिममध्ये, ओला-उबेरमध्ये पंजाबी आणि हरियाणवी गाणी वाजतात. त्यांतल्या कितीतरी गाण्यांत जट्ट आहे, जमीन आहे, बंदूक आहे, जीप आहे. कुणीही त्याला 'जातीचं संगीत' म्हणत नाही, ते फक्त 'पार्टी साँग' असतं. गिनी माही गायली की वर्तमानपत्र तिला 'दलित पॉप' म्हणतं. आपल्याकडच्या भीमगीतांनाही जयंतीच्या मंडपाबाहेर 'त्यांची गाणी' म्हणतात. आणि हे फक्त नावापुरतं राहत नाही. मे २०१५ मध्ये शिर्डीत नर्सिंग शिकणाऱ्या एका दलित तरुणाचा खून झाला. त्याच्या मोबाईलवर बाबासाहेबांवरच्या गाण्याची रिंगटोन वाजली आणि त्यावरून भांडण सुरू झालं, अशी बातमी होती. एका बाजूला अख्खी काच भरून लिहिलेली जात दिवसाढवळ्या शहरभर फिरते. दुसऱ्या बाजूला खिशातल्या फोनचा काही सेकंदांचा आवाज जिवावर बेतू शकतो. या दोन गोष्टींना 'जातीय प्रदर्शन' असं एकच नाव देणाऱ्याला मी तटस्थ म्हणणार नाही.

दिल्लीत जात सगळ्यात नेमकेपणाने विचारली जाते ती घर शोधताना. मराठी मुलांना इथे थोडे दिवस एक गमतीशीर सूट मिळते. नर्मदा ओलांडली की आपली आडनावं उत्तरेकडच्या लोकांना वाचता येत नाहीत. कांबळे, वानखेडे, गायकवाड म्हणजे नक्की कोण, हे घरमालकाला कळत नाही. '-कर' असेल तर तो आणखीनच गोंधळतो, कारण तेंडुलकरांच्या शेवटीही कर आहे आणि आंबेडकरांच्या शेवटीही. मग प्रश्न येतो, "वो तो ठीक है, पर आप लोग होते क्या हो?" माझ्या ओळखीतल्या एकाने उत्तर टाळलं. त्याला खोली मिळाली, मग त्याने भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला आणि पुढच्या महिन्यात मालकाच्या पुतण्याला अचानक त्या खोलीची गरज पडली.

हा एकट्यादुकट्याचा अनुभव नाही. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, फरीदाबाद आणि गुडगावमध्ये याचा अभ्यास केला, तो २०१५ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त आला. भाड्याने घर मागणाऱ्यांची नावं बदलली की उत्तर बदलत होतं. सवर्ण हिंदूंना जवळजवळ सगळीकडून होकार, दलितांना त्याहून बराच कमी, मुस्लिमांना सगळ्यांत कमी. काहींना होकार मिळाला, पण जास्त भाड्याचा किंवा नव्या अटींचा. त्याआधी २००७ मध्ये थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी नोकरीच्या जाहिरातींना एकाच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले होते. दलित आडनावांना बोलावणी कमी आली.

बाबासाहेबांनी हे शंभर वर्षांपूर्वी भोगलं. १९१७ मध्ये कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून ते बडोदा संस्थानच्या नोकरीत आले तेव्हा राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव नोंदवून राहावं लागलं आणि खरं कळल्यावर काठ्या घेतलेली माणसं दारात आली. देशातल्या सर्वांत शिकलेल्या माणसांपैकी एकाला भाड्याच्या खोलीसाठी नाव लपवावं लागलं. आज गाड्यांवरून जात काढायला आदेश आहे, चलान आहे, मोहीम आहे. घर नाकारणाऱ्याला काय आहे? संविधानाच्या कलम १५ मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते यांचा उल्लेख आहे, खाजगी भाड्याच्या घराचा नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेला सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवण्याची मुभा दिली. काचेवरची जात वाहतूक पोलिसाला दिसते. दारावरची जात बघायला कुणाला नेमलेलंच नाही.

डिसेंबर २०२० मध्ये, म्हणजे त्या स्टिकरच्या आदेशाच्याच महिन्यात, महाराष्ट्र सरकारने महारवाडा, मांगवाडा अशी वस्त्यांची नावं बदलून समता नगर, भीम नगर, क्रांती नगर अशी नावं द्यायचं ठरवलं. माझा या निर्णयाला पाठिंबा आहे. आपल्यापैकी कितीतरी जणांनी शाळेच्या दाखल्यावर तो पत्ता लिहिला आहे आणि तो लिहिताना हात कसा अडखळतो हे आपल्याला माहीत आहे. पण नाव बदललं तरी वस्ती गावाच्या त्याच टोकाला राहिली, पाणी शेवटीच आलं, तर पुढच्या पिढीसाठी 'भीम नगर' या शब्दालाही तोच वास चिकटेल. नाव बदलणं ही सुरुवात आहे, तिला काम पूर्ण झाल्याचा दाखला समजू नये.

घरात पहिल्यांदा पदवी घेऊन शहरात आलेल्या आपल्या लोकांना हल्ली एक सल्ला फार मिळतो. ते जात मिरवतात तसं तुम्हीही 'जय भीम' मिरवता, दोन्ही सोडा, माणूस व्हा. सल्ला देणारा बहुतेक वेळा कोऱ्या काचेच्या पहिल्या प्रकारातला असतो. 'जय भीम' हे कुठल्या जातीचं नाव नाही, हे त्याला एकदा शांतपणे सांगावं. कुणाला भाड्याची खोली, नोकरी किंवा वाट नाकारण्यासाठी ते आजवर वापरलेलं नाही. ज्यांना ते नाकारलं जातं, ते एकमेकांना त्याने ओळखतात. अनोळखी शहरात मेट्रोच्या डब्यात कुणाच्या बॅगेवर निळी अक्षरं दिसली की काय वाटतं, हे वेगळं लिहायला नको.

काचेवरची तलवार खरवडून काढायला आपली हरकत नाही. उलट दंड वाढवावा. पण त्यासोबत भाड्याच्या घरात होणाऱ्या भेदभावाविरुद्ध कायदा हवा, तक्रार कुठे करायची ते ठिकाण हवं, आणि ब्रोकरने 'होते क्या हो' विचारलं तर त्याचंही चलान फाटायला हवं. तोपर्यंत आपली निळी अक्षरं काढायची घाई कुणी करू नये.

जय भीम.